पगार तासांचा, चित्राचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक चित्रकार दांपत्य शाळा सुटल्यानंतर चालणारा स्टुडिओ सुरू करू पाहतं आहे, १४ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी. फी घ्यायची नाही, उलट मुलांनाच कामाचे पैसे द्यायचे, असं त्यांनी ठरवलं आहे. त्यांच्या तीन शंका आहेत. पैसे हातात आले की चित्रकलेची गोडी मरेल का? पैसे नेमके कशाचे द्यायचे? आणि शिकणं व कमावणं रोजच्या दोन-अडीच तासांत कसं बसवायचं?

मी असा स्टुडिओ १९ वर्षं चालवते आहे. माझं उत्तर आधीच सांगते: पैसे जरूर द्या, पण तासांचे द्या, चित्राचे देऊ नका. पुढचं सगळं यातूनच निघतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोडी मरण्याची भीती खोटी नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही नेमका चित्रं काढण्यावरचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्रक चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं नुसती ठेवून दिली, तेव्हा कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीला मात्र धक्का लागला नव्हता.

हा प्रयोग मला कितीतरी पालकांनी ऐकवला आहे आणि मी तो मनापासून मानते. म्हणूनच त्यात घातक काय होतं ते नीट बघायला हवं असं मला वाटतं. बक्षीस त्या चित्राला बांधलेलं होतं. चित्र हा प्रशस्तिपत्रकाकडे जाणारा रस्ता झाला, आणि प्रशस्तिपत्रक मिळाल्यावर त्या रस्त्यानं पुन्हा कशाला जायचं? मोठ्या माणसांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंच काहीसं आढळलं. त्यांनी २३ कलावंतांची प्रत्येकी २० कामं गोळा केली, १० कुणाच्या मागणीवरून केलेली आणि १० स्वतःच्या मनानं केलेली. कुठलं काम कुठल्या प्रकारचं हे परीक्षकांना माहीत नव्हतं. कारागिरीत दोन्हींचा दर्जा सारखाच ठरला, पण मागणीवरच्या कामांना सर्जनशीलतेत कमी गुण पडले.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी स्टुडिओत शिकले. दुसऱ्या वर्षी मी पूर्ण झालेल्या प्रत्येक चित्रामागे ठरावीक रक्कम द्यायला लागले. हिशेब सोपा वाटला होता. सहा आठवड्यांत चित्रं आकसली. अर्ध्या इम्पिरियल या मोठ्या मापाच्या कागदावर काम करणारी मुलं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आली. ज्याला पाणी रंगवायला कठीण जायचं त्यानं पाणी रंगवणंच सोडलं. एक मुलगी हातांचा अभ्यास करत होती. हात तीस वेळा चुकतो आणि एकतिसाव्या वेळी जमतो, पण त्या तीस रेखाटनांना किंमत नव्हती. तिच्या चित्रातल्या सगळ्या माणसांचे हात हळूहळू खिशात गेले. मुलं लबाडी करत नव्हती. मी ज्याचे पैसे देत होते तेच ती मला आणून देत होती. कार्यशाळेतली मुलं माझ्याशी प्रामाणिक होती, चूक माझ्या नियमात होती, आणि ती कळायला मला एक आख्खं सत्र लागलं याचं मला अजून वाईट वाटतं.

तासांचा पगार सुरू केल्यावर हे उलटलं. ब्रश धुण्यात गेलेला वेळ, कॅनव्हास ताणण्यात गेलेला वेळ, बिघडलेलं चित्र खरवडून काढण्यात गेलेला वेळ, दुसऱ्याच्या चित्रासमोर नुसतं उभं राहून बघण्यात गेलेला वेळ, सगळा पगारी. मूल चुकायला मोकळं झालं. किशोरवयात चुकण्याची लाज सगळ्यात जास्त असते, आणि चित्रकला तर चुकल्याशिवाय येतच नाही. तासाच्या पगारानं ती चूक अधिकृत कामाचा भाग होते. मला वाटतं पैशाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे.

एका टप्प्यावरच्या सगळ्या मुलांना दर एकच ठेवा. ज्याचा हात चांगला त्याला जास्त, असं कधीही करू नका. दर वाढवायचा तर जबाबदारीवर वाढवा: जो नव्या मुलाला कागद ताणायला शिकवतो, साहित्याची नोंदवही सांभाळतो, भिंतीच्या कामात एका भागाची आखणी स्वतः करतो, त्याचा दर वर जावा. ही पद्धत मी शोधलेली नाही. १४८८ च्या एप्रिलमध्ये १३ वर्षांच्या मिकेलांजेलोला (मायकेलअँजेलोला) वडिलांनी फ्लॉरेन्समध्ये चित्रकार दोमेनिको घिर्लांदायोच्या कार्यशाळेत ठेवलं, तो करार कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीनं नोंदवून ठेवला आहे. मुदत तीन वर्षांची. घिर्लांदायो बंधूंनी मुलाला एकूण २४ फ्लोरिन (तिथलं तेव्हाचं नाणं) द्यायचे: पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ८, तिसऱ्या वर्षी १०. हिशेब वर्षांचा आहे, भिंतीवर रंगवलेल्या आकृत्यांचा नाही, आणि शिकाऊ मुलगा दरवर्षी अधिक उपयोगी पडणार हे त्यात धरलेलं आहे.

आता पैसे द्यायचेच कशाला, मोफत शिकवलं तर पुरे नाही का, असं तुम्हाला कुणीतरी विचारेलच. मोफत वर्गात येणारी मुलं ही संध्याकाळ मोकळी असणारी मुलं असतात. पंधरा-सोळाव्या वर्षी कितीतरी मुलांच्या संध्याकाळी आधीच कुणीतरी घेतलेल्या असतात: कुठे दुकानात हातभार, कुठे धाकट्या भावंडांना सांभाळणं, कुठे घरच्या कामात हात. अशा मुलासाठी ‘मोफत’ वर्ग मोफत नसतोच, तेवढी कमाई त्याला सोडावी लागते. पगार दिला की तो घरी सांगू शकतो, मी कामाला जातो. घरच्यांचा सूर तिथे बदलतो. एका मुलीची आई पहिले तीन महिने मला टाळत होती. चौथ्या महिन्यात ती स्टुडिओत आली, मुलीचं चित्र तिनं बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘हिला रोज थोडा जास्त वेळ बसवता येईल का?’

हे वेडं धाडस नाही, याला चांगला आधार आहे. १९९१ साली अमेरिकेत शिकागोच्या मध्यवस्तीत ‘ब्लॉक ३७’ नावाचा एक मोकळा पडलेला भूखंड होता. महापौरांच्या पत्नी मॅगी डेली आणि शहराच्या सांस्कृतिक विभागाच्या प्रमुख लोइस वाइसबर्ग यांनी तिथे ‘गॅलरी ३७’ सुरू केली आणि किशोरवयीन मुलांना शिकाऊ कलाकार म्हणून पगारावर घेतलं. तीच कल्पना पुढे ‘आफ्टर स्कूल मॅटर्स’ या मोठ्या उपक्रमात वाढली. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये चित्रकार सुझन रॉजरसन यांनी मूठभर मुलांना घेऊन ‘आर्टिस्ट्स फॉर ह्युमॅनिटी’ उभी केली. तिथली मुलं व्यावसायिक कलाकारांच्या हाताखाली खऱ्या ग्राहकांची कामं करतात आणि त्याचा पगार घेतात. २००४ मध्ये संस्थेनं स्वतःची इमारतही बांधली. पिट्सबर्गचे बिल स्ट्रिकलंड यांची गोष्ट याहून जुनी आहे. १९६३ साली शाळेत असताना त्यांनी कलाशिक्षक फ्रँक रॉस यांना चाकावर भांडं घडवताना पाहिलं आणि ते तिथेच थबकले. १९६८ मध्ये त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी ‘मँचेस्टर क्राफ्ट्समेन्स गिल्ड’ काढली. तिचा भर पगारावर नव्हता, पण स्ट्रिकलंड यांचा एक आग्रह मी उचलला आहे: जागा, उजेड आणि साहित्य उत्तम दर्जाचं हवं. मुलाला पडकी खोली आणि वाळलेले ब्रश दिले तर आपण त्याची काय किंमत करतो ते त्याला लगेच कळतं.

एक शब्दाची गोष्ट. तुमच्या प्रश्नात तुम्ही ‘मानधन’ लिहिलं आहे. तो शब्द टाळा. मानधन म्हटलं की त्यात कामापेक्षा कमी, आणि जमेल तेव्हा, असा अर्थ मिसळतो. ‘बक्षीस’ तर नकोच, ते का ते वर सांगितलं. ‘पगार’ म्हणा. पगार म्हटला की दोन्ही बाजूंवर बंधन येतं. मुलानं वेळेवर यायचं, आणि तुम्ही ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे. या दुसऱ्या भागाबद्दल मी फार कडक आहे. एका वर्षी देणगीची रक्कम अडकली आणि पगार नऊ दिवस लांबला. तोवर एक मुलगा स्टुडिओ सोडून गेला होता. त्याला मी दोनदा निरोप पाठवला, तो परत आला नाही. तेव्हापासून दोन महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात पडल्याशिवाय मी नवं सत्र सुरू करत नाही. पगारासोबत तासांचा तपशील लिहिलेली चिठ्ठी द्या. तुमच्याकडे अल्पवयीन मुलांच्या कामाच्या तासांबद्दल जो कायदा असेल तो आधी वाचा, पालकांची लेखी संमती घ्या, आणि परीक्षांच्या काळात तास कमी करण्याची मुभा करारातच लिहून ठेवा.

आता रोजच्या अडीच तासांबद्दल. शाळेतून आलेलं मूल थकलेलं असतं, त्याला काहीतरी खायला द्या आणि दहा मिनिटं काहीही विचारू नका. मग सगळ्यांनी मिळून पंधरा मिनिटं जलद रेखाटन. कुणीतरी एक जण उभा राहतो, ३० सेकंदांच्या पाच मुद्रा, मग एक-एक मिनिटाच्या पाच, मग दोन लांब. चारकोल किंवा जाड पेन्सिल, खोडरबर नाही. मान खाली गेलेलं मूलसुद्धा यात जागं होतं, कारण ३० सेकंदांत बोटं मोजायला वेळच नसतो, माणसाचा भार कुठल्या पायावर आहे एवढंच पकडता येतं. त्यानंतर मार्गदर्शकानं दहा मिनिटांत एकच गोष्ट करून दाखवायची. एकच. मग साधारण दीड तास सलग काम, आणि शेवटची वीस मिनिटं चित्रचर्चा व साफसफाई. साफसफाईही पगारी आहे हे पहिल्या दिवशी सांगा, म्हणजे ब्रश पाण्याच्या डब्यात उभे राहून त्यांचे केस वाकणार नाहीत.

पहिल्या बारा आठवड्यांत मी ग्राहकाचं कुठलंही काम मुलांना देत नाही, पण पगार पहिल्या दिवसापासून असतो. इथे अनेक जण घाई करतात आणि तिथेच घसरतात. चेन्निनो चेन्नीनीनं साधारण १४०० च्या सुमारास चित्रकारांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत शिकाऊला एक वर्ष छोट्या फळीवर नुसतं रेखाटन, पुढची सहा वर्षं रंग घोटणं, सरस शिजवणं, फळ्यांवर गेसो (रंगाखालचा पांढरा लेप) चढवणं आणि मग आणखी सहा वर्षं रंगकामाचा सराव सांगितला आहे. आपल्याकडे तेवढी वर्षं नाहीत, पण क्रम तोच बरोबर आहे.

पहिले तीन आठवडे फक्त बघण्याचे. मुलं डोळा काढत नाहीत, ‘डोळा’ या शब्दाचं चिन्ह काढतात: बदामाचा आकार, मध्ये गोल, वर पापण्यांच्या काड्या. ते मोडायला कागदाकडे न बघता बाह्यरेषा काढायला लावते. नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं फिरवायची आणि हात तेवढ्याच वेगानं कागदावर. निघतं ते वाकडं-तिकडं, पण त्यातली एखादी रेष अशी खरी असते की मूल स्वतःच थांबून बघतं. मग खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या दांड्यांमधला रिकामा अवकाश काढायचा. त्या रिकाम्या आकाराला नाव नसतं, म्हणून मेंदू त्यात लुडबुड करत नाही आणि खुर्ची आपोआप बरोबर येते.

मग दोन आठवडे छायाप्रकाश. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी प्रत्येकानं स्वतः करायची. सांगायला सोपं, करायला अवघड: मधल्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात आणि बहुतेकांची पट्टी पाचव्या पायरीलाच काळी होते. ती जमली की पांढऱ्या कापडावर पांढरं अंडं आणि एकच दिवा. डोळे किलकिले करून बघायला शिकवा, बारकावे विरघळतात आणि मोठे आकार उरतात. अंड्याच्या सावलीत खालच्या कापडाचा परावर्तित उजेड मुलाला पहिल्यांदा दिसतो तो क्षण चुकवू नका, त्याच्या चेहऱ्यावर तो दिसतो. आणि तो उजेड कितीही ठळक वाटला तरी प्रकाशाच्या बाजूपेक्षा गडदच असतो, हे त्यानं पट्टी शेजारी धरून स्वतः पडताळायचं.

रंग त्यानंतर, आणि तेही दोनच: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, सोबत पांढरा. या दोघांच्या मिश्रणातून इतके उबदार आणि थंड करडे निघतात की ट्यूबमधल्या काळ्याची आठवण होत नाही. बारा रंगांची पेटी पहिल्या दिवशी उघडून दिली की मूल बाराही रंग वापरतं आणि चित्रात एकही रंग दुसऱ्याशी बोलत नाही. त्याच आठवड्यात कॅनव्हास ताणायला शिकवा. चौकटीच्या चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, मग समोरासमोर मध्यापासून कोपऱ्यांकडे, कोपरे शेवटी. कोपऱ्यापासून सुरुवात केली की सुरकुत्या पडतात आणि त्या मग निघत नाहीत. गेसोचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. ज्यानं कॅनव्हास स्वतः ताणला तो त्यावर वेगळ्या हातानं रंग लावतो.

उरलेले आठवडे एका मोठ्या चित्राचे. विषय मुलाचा. तुम्हाला तो आवडला नाही तरी त्याचाच. माझ्याकडे एक मुलगा फक्त कॉमिक्समधले मोठ्या डोळ्यांचे योद्धे काढायचा. त्याला ते सोडायला सांगितलं असतं तर तो स्टुडिओ सोडून गेला असता. मी एवढंच विचारलं की या योद्ध्यावर उजेड कुठून पडतो आहे. त्या एका प्रश्नावर त्यानं पाच आठवडे काम केलं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. तो स्वतः काम करणारा कलाकार हवा, आणि त्याचं स्वतःचं चित्र मुलांच्याच खोलीत, त्यांच्या नजरेसमोर चालू हवं. मोठ्या माणसाचं चित्र मध्येच बिघडतं, तो वैतागतो, थोडा वेळ बाहेर जाऊन येतो, पुन्हा सुरू करतो, हे बघणं कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतं. एका मार्गदर्शकामागे सात-आठ मुलं पुरेत. त्यालाही नीट पगार द्या. मुलांना पगार आणि मार्गदर्शक मात्र सेवाभावी, असं केलं तर तो दोन सत्रांत थकतो, आणि मुलांना त्यातून ‘चित्रकार मोठा झाला की फुकट काम करतो’ एवढंच कळतं.

एक नियम आमच्याकडे कधी मोडत नाही: मुलाच्या चित्राला मार्गदर्शकाचा ब्रश लागत नाही. दुरुस्ती दाखवायची तर चित्रावर ट्रेसिंग पेपर धरून त्यावर, किंवा शेजारच्या कोऱ्या कागदावर. तुमच्या दोन फटकाऱ्यांनी चित्र सुधारतं, पण त्या क्षणापासून ते त्याचं राहत नाही, आणि मुलाला ते तुमच्याआधी कळतं. बोलतानाही ‘छान’ हा शब्द जपून वापरा. ‘डाव्या खांद्यामागचा गडद भाग बरोबर पडलाय, त्यामुळे मान पुढे आली’ असं म्हटलं तर मुलाला उद्या ते पुन्हा करता येतं.

चित्रचर्चेत सगळी चित्रं भिंतीला लावायची आणि चित्रकारानं पहिली पाच मिनिटं गप्प राहायचं. बाकीच्यांनी आधी काय दिसतं ते सांगायचं, आवडलं की नाही ते नंतर. ‘मला तो माणूस वाट बघतोय असं वाटलं’ हे ऐकल्यावर, आपण तर त्याला रागावलेला काढला होता, हे मुलाला समजतं. मग तो स्वतःच विचारतो, काय बदलू? असं विचारलेलं असेल तेव्हाच सल्ला रुजतो.

या वयाची मुलं मार्गदर्शकाशी फार जवळ येतात. घरातलं, मनातलं, सगळं सांगतात. ते ऐका, पण बंद दाराआड एकटं नाही. खोलीत नेहमी दोन प्रौढ हवेत, दाराला काच हवी, आणि फोनवरचे निरोप फक्त सामूहिक गटात, ज्यात एक पालक किंवा दुसरा मार्गदर्शक आहेच. कुणा मुलावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर कुणाला कळवायचं, हे पहिल्या दिवसाआधी लिहून ठेवा. असा प्रसंग येतो तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो.

बारा आठवड्यांनंतर खरी कामं. भिंतीचं चित्र, एखाद्या कार्यालयासाठी मोठा कॅनव्हास, कार्यक्रमाचं भित्तिपत्रक, कपड्यावरची छपाई. ग्राहकाला मुलांनी स्वतः भेटायचं. मार्गदर्शक शेजारी बसेल, पण प्रश्न मुलं विचारतील: ही भिंत कोण बघतं, उभं राहून की चालता चालता, उजेड कधी असतो, पावसाचं पाणी कुठून उतरतं. मग तीन छोट्या आराखड्यांतून एक निवडला जातो. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, आणि आराखड्यात दोनदाच बदल करून मिळतील हे लेखी ठेवा. ही मर्यादा ठेवली नाही तर ग्राहक सातव्यांदा निळा बदलायला सांगतो आणि मुलांचा त्या चित्रातला जीव जातो. अमाबिलेंच्या अभ्यासातलं नुकसान असंच घडत असावं असं मला वाटतं, म्हणून एकूण तासांपैकी एक तृतीयांश तास मी ग्राहकाच्या कामापासून दूर ठेवते. त्या वेळात मूल स्वतःचं चित्र करतं, आणि त्याचाही पगार तोच.

ग्राहकाच्या कामाचे पैसे स्टुडिओच्या खात्यात जातात आणि त्यातून पगार, साहित्य, भाडं निघतं. मुलाचं स्वतःचं चित्र विकलं गेलं तर मात्र निम्मी रक्कम त्याची, पगाराव्यतिरिक्त. हे चित्राचे पैसे झाले की, असं तुम्ही म्हणाल. झाले. पण ते चित्र काढून झाल्यावर, न मागता येतात. प्रयोगातल्या त्या अचानक बक्षीस मिळालेल्या गटाची आठवण ठेवा. चित्राचे हक्क मुलाकडेच राहतील, ते कुठे छापायचं तर त्याला आणि पालकांना विचारलं जाईल, हेही करारात असू द्या. किंमत ठरवताना मुलांना सोबत बसवा. साहित्य किती, तास किती, जागेचा खर्च किती, हे त्यांनी मांडायचं. आपण फार कमी किंमत सांगतो हे त्यांना पहिल्यांदा तिथे कळतं.

या सगळ्याला पैसे कुठून येणार? ग्राहकांच्या कामातून पहिली तीन-चार वर्षं खर्चाचा अर्धा भागही निघणार नाही, हे धरून चाला. बाकी देणगीदार आणि स्थानिक प्रशासनाकडून उभं करावं लागतं. देणगीदाराला मुलांच्या दुःखाच्या कहाण्या विकू नका. चित्रं दाखवा आणि तासांचा हिशेब दाखवा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण हे वाचून सोडून देऊ नका. जवसाच्या तेलानं माखलेली चिंधी गोळा करून टाकली तर तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना तापतं आणि ती आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्यांसाठी झाकणाचा लोखंडी डबा, त्यात पाणी, आणि तो रोज रिकामा. शिसं असलेला पांढरा रंग स्टुडिओत आणूच नका. चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचं फिक्सेटिव्ह फवारायचं ते उघड्यावर. मातीकाम असेल तर जमीन झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा, कारण वाळलेल्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते. कटरचं पातं बोथट झालं की लगेच बदला. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि तेच बोटावर घसरतं.

प्रवेशासाठी चित्रांची फाइल मागू नका. फाइल असते ती आधीच शिकवणी मिळालेल्या मुलाकडे. मी तीन पगारी दिवस चाचणीचे ठेवते आणि दोनच गोष्टी बघते: मूल वेळेवर येतं का, आणि चित्र बिघडल्यावर पुन्हा कागद घेतं का. हात कसाही असो, ही दोन लक्षणं असतील तर मी घेते. सुंदर रेष असलेली आणि पहिल्या चुकीला कागद फाडून निघून गेलेली मुलंही मी पाहिली आहेत. त्यांना मी पुढच्या सत्रात पुन्हा बोलावते, त्यातली काही येतात.

सुरुवात आठ मुलांनी आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळींनी करा. बारा मुलं घेण्याचा मोह होईल, कारण नाकारणं जड जातं, पण पहिल्या सत्रात तुम्हीही शिकत असणार. दार उघडण्याआधी पगाराचं खातं, चिंध्यांचा डबा आणि संमतिपत्रं तयार ठेवा. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला एक नवी रेखाटनवही द्या, तिच्या पहिल्या पानावर त्यालाच तारीख आणि आल्याची वेळ लिहू द्या, आणि मग दिवा लावून अंड्यापासून नव्हे, खुर्चीपासून सुरू करा.